एबोशीचा निवाडा घाईनं करू नका

मे महिन्यात केळशीतली घरं भरतात. मुंबई-पुण्याहून चाकरमानी येतात, पडवीत गाद्या पडतात, आणि दुपारची जेवणं उरकली की पोरं मोबाइल घेऊन माजघराच्या गारव्याला शिरतात. काय बघताय म्हणून विचारलं तर उत्तर येतं, 'ॲनिमे'. आपल्या लेखी ते कार्टून. डोरेमॉन आणि शिनचॅनच्या पुढे आपली माहिती जात नाही, म्हणून आपण पाठ फिरवतो आणि कामाला लागतो. माझी विनंती आहे, यंदाच्या सुट्टीत एक दुपार मोकळी काढा, पोरांशेजारी बसा आणि एक जपानी सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा. त्याचं नाव 'प्रिन्सेस मोनोनोके'. हायाओ मियाझाकी यांचा हा चित्रपट स्टुडिओ घिबलीनं जुलै १९९७ मध्ये जपानात प्रदर्शित केला. आपल्याकडे तो २०२० साली नेटफ्लिक्सवर आला. त्यात एबोशी नावाची एक बाई आहे. मला ती फार आवडते, आणि बघणारे तिच्यावर अन्याय करतात असं मला मनापासून वाटतं. तिच्याविषयी बोलताना मला आपल्या गावातल्या बायकांविषयीही काही सांगायचं आहे.

हा सगळा प्रकार आपल्याला परका आहे असं म्हणू नका. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली बघायला मिळावा म्हणून ज्यांनी आंघोळी भराभर उरकल्या, ते सगळे ॲनिमेच बघत होते. 'जंगल बुक'ची ती मालिका जपानात तयार झालेली होती. १९९३ सालचा रामायणावरचा चित्रपट युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून केला. ज्यांना मोगली कळला, त्यांना 'मोनोनोके'मधली सान कळायला वेळ लागणार नाही. तीही लांडग्यांनी वाढवलेली पोर आहे.

गोष्ट मुरोमाची काळातली, म्हणजे पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या जपानातली. आशिताका हा तरुण राजपुत्र आपल्या गावावर चालून आलेल्या एका अजस्र रानडुकराला मारतो. तो डुक्कर एका दूरच्या रानाचा देव असतो, पण वेदनेनं आणि संतापानं पिसाळलेला. त्याच्या स्पर्शानं आशिताकाच्या उजव्या हाताला शापाचा डाग पडतो. तो डाग वाढत जाऊन एक दिवस त्याचा जीव घेणार असतो. मेलेल्या डुकराच्या अंगात लोखंडाचा एक गोळा सापडतो. तो आला कुठून, याचा माग काढत आशिताका पश्चिमेकडे जातो आणि तळ्याकाठच्या एका वस्तीत पोचतो. तिथं मोठी भट्टी आहे, वाळूतून लोखंड काढायचं काम रात्रंदिवस चालतं. वस्तीची मालकीण एबोशी. गोळी तिच्याच बंदुकीतली.

समोरच्या रानात मोरो ही लांडगीण-देवता राहते. सान तिची मानसकन्या. दोघी एबोशीच्या जिवावर उठलेल्या, आणि त्यांच्या बाजूनं पाहिलं तर त्यांचं चुकीचंही नाही. एबोशी लोखंडासाठी डोंगर खोदते, कोळशासाठी झाडं तोडते, रानातल्या देवांवर गोळ्या झाडते. शेवटी रानाचा प्राण असलेल्या शिशिगामीचं मस्तक उडवायला निघते, आणि उडवतेही. एवढं पाहिलं की पोरांचा निकाल तयार असतो: सान चांगली, एबोशी वाईट. मोठी माणसंही बहुतेक तिथंच थांबतात.

तुम्ही तिथं थांबू नका. रात्रीच्या त्या प्रसंगाशी या, जेव्हा आशिताका भट्टीच्या बाजूला जातो. तिथं पायानं दाबायचा एक प्रचंड भाता आहे. त्याच्या दोन्ही अंगांना बायकांची रांग उभी. एका बाजूच्या बायका जोर लावून खाली जातात, तशा दुसऱ्या बाजूच्या वर येतात. घामानं भिजलेल्या, तोंडानं गाणं चालू, मधेच चेष्टामस्करी. आग एकदा पेटली की चार-चार दिवस भाता थांबवता येत नाही, असं त्या सांगतात. आशिताका स्वतः पाय लावून बघतो आणि म्हणतो, काम फार कष्टाचं आहे. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की पूर्वीच्या आयुष्यापेक्षा हे पुष्कळ बरं; इथं पोटभर खायला मिळतं आणि पुरुष अंगचटीला येत नाहीत. या साऱ्या बायका कोठ्यांवर विकल्या गेलेल्या होत्या. एबोशीनं पैसे मोजून त्यांना सोडवून आणलं आणि कामाला लावलं. वस्तीतले काही पुरुष कुरकुरतात, की बायकांच्या पायानं लोखंड विटाळतं. एबोशी ती कुरकुर मनावर घेत नाही.

ही कुरकुर मियाझाकींनी मनची रचलेली नाही. जपानातल्या खऱ्या भट्ट्यांमध्ये बाईला पाऊल टाकायची मनाई होती. भट्टीची देवता कानायागो हिला बायका खपत नाहीत, अशी समजूत. देवता स्वतः बाई, आणि तिच्या नावावर बंदी बायकांना! आपल्याकडच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मियाझाकींनी ती रूढी मुद्दाम मोडली आणि भाता बायकांच्या पायाखाली दिला.

त्या भट्टीची भूकही समजून घ्या, म्हणजे रान का तुटतं ते कळेल. जपानातल्या ओकुइझुमो भागात तलवारीच्या पोलादासाठी ही जुन्या पद्धतीची भट्टी आजही हिवाळ्यात पेटवतात. तीन दिवस आणि तीन रात्री ती धगधगती ठेवायला सुमारे १० टन लोहवाळू आणि १२ टन लोणारी कोळसा लागतो. हाती येतं ते अडीच टनांच्या आसपास. म्हणजे टनाला जवळजवळ पाच टन कोळसा. तो डोंगरातल्या झाडांचाच. एबोशीच्या वस्तीतल्या प्रत्येक घासामागे एक तुटलेलं झाड आहे आणि मियाझाकी ते कुठंही लपवत नाहीत. डोंगराचा वस्तीच्या बाजूचा अख्खा उतार ते उघडाबोडका दाखवतात.

आता तिच्या बागेत या. एबोशीनं वस्तीच्या एका अंगाला स्वतःसाठी बाग राखली आहे, तिथं फारसं कुणी फिरकत नाही. त्या बागेतल्या झोपडीत अंगभर पट्ट्या गुंडाळलेली माणसं बसून नव्या बंदुका घडवत असतात. ती कुष्ठरोगी आहेत. एबोशी त्यांच्याशी कामाचं बोलते. बायकांना पेलेल अशी हलकी बंदूक करा, असं सांगते. दयेचा सूर तिच्या बोलण्यात नाही. कारागिराशी बोलावं तसं ती बोलते. तिथंच आशिताकाचा शापित हात आपोआप तलवारीकडे जातो, तिला मारायला. तेव्हा अंथरुणाला खिळलेला एक म्हातारा रोगी त्याला विनवतो, की हिला मारू नकोस. आम्हाला माणूस म्हणून वागवणारी हीच एक. आमचं सडलेलं मांस हिनं स्वतःच्या हातानं धुतलं आणि पट्ट्या बांधल्या. साऱ्या सिनेमातला हा क्षण मला सर्वांत मोठा वाटतो. ज्या हातानं रानाच्या देवाला गोळी घातली, त्याच हातानं या माणसांच्या जखमा धुतल्या आहेत. दोन्ही खरं आहे, आणि एकामुळे दुसरं पुसलं जात नाही.

कुष्ठरोगाचीच माणसं आपल्या मनात होती, हे मियाझाकींनी पुढे जाहीरपणे सांगितलं आहे. त्यांच्या घरापासून जवळच्या भागात कुष्ठरुग्णांची मोठी वसाहत होती आणि तिथं ते जात असत. जपानात या रुग्णांना सक्तीनं वेगळं ठेवणारा कायदा १९९६ साली रद्द झाला, म्हणजे सिनेमा येण्याच्या जेमतेम एक वर्ष आधी. आपणही फार पुढे नव्हतो. नवरा किंवा बायकोला कुष्ठरोग झाला तर घटस्फोट मागता येई. हे कारण आपल्या कायद्यातून २०१९ साली निघालं. महाराष्ट्रानं या माणसांसाठी काम करणारी मोठी माणसं पाहिली: वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण, अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धन, वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आणि साधनाताई आमटे. भीक नको, काम द्या, हा विचार आनंदवनानं प्रत्यक्षात आणून दाखवला. एबोशीही तेच करते. फरक एवढा आणि तो मोठा आहे, की ती त्यांच्या हातून बंदुका घडवून घेते.

एबोशीला जपानीत आवाज दिला आहे युको तानाका यांनी. १९८३ साली सुरू झालेल्या 'ओशिन' या गाजलेल्या जपानी मालिकेत तरुणपणीची ओशिन त्यांनीच रंगवली होती; गरिबीतून वर येणारी, पडेल ते काम करणारी बाई. एबोशीचा आवाज ऐका. तो चढत नाही, थरथरत नाही. शत्रूशी बोलतानाही त्यात एक शांत हुकमत आहे. आशिताका तिला शापाबद्दल जाब विचारतो, तेव्हा ती जबाबदारी झटकत नाही. त्या डुकरानं शाप द्यायचा होता तर मला द्यायला हवा होता, अशा अर्थाचं ती बोलते. लांडग्यांच्या हल्ल्यात कड्यावरून पडलेला एक बैल हाकणारा जिवंत परत येतो, तेव्हा वस्तीची ही मालकीण त्याची सगळ्यांदेखत माफी मागते. किती पुढाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या माणसाची अशी माफी मागितलेली तुम्ही पाहिली आहे?

तिच्याविषयी दोन प्रकारचे गैरसमज होतात. पहिला वर सांगितला, की ती दुष्ट आहे. दुसरा अलीकडचा आहे आणि तो शहाण्यासुरत्या माणसांत जास्त आढळतो. बायकांना सोडवलं, रोग्यांना कामं दिली, सरदाराला जुमानलं नाही, म्हणून ती थोर. रान गेलं तर गेलं. हेही तितकंच चूक. असानो नावाचा सरदार वस्तीवर हल्ला करणार हे माहीत असताना एबोशी बंदुकधारी पुरुष घेऊन शिशिगामीच्या शिकारीला जाते. वाटेत आशिताका गाठून सांगतो, की वस्तीला वेढा पडलाय, मागे फीर. ती फिरत नाही. बायकांना मी लढायला शिकवलं आहे, त्या बघून घेतील, असं म्हणते. ज्या बायकांसाठी तिनं एवढं केलं, त्यांना ती संकटात सोडून पुढे जाते. तिचा मोह आणि तिची घमेंड इथं उघडी पडते. शिशिगामीचं मस्तक उडाल्यावर मरणाचा लोंढा डोंगर उतरून येतो, वस्ती मोडते, बायका-माणसं तळ्यात उतरून जीव वाचवतात. हे तिच्या हातून झालं आहे. तिच्यावर प्रेम करणाऱ्यानंही हे मान्य केलंच पाहिजे.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. शिशिगामीचं मस्तक हवं होतं कुणाला? सम्राटाला, अमर होण्यासाठी. तो सम्राट सिनेमात एकदाही दिसत नाही. त्याचं फर्मान घेऊन, एबोशीला पुढे घालून शिकार करवणारा जिको हा गोलमटोल, हसरा, गोडबोल्या माणूस. सगळा बेत त्याचा. शेवटी सगळं उद्ध्वस्त झाल्यावर तो खांदे उडवून हसतो आणि निघून जातो. असानो सरदाराला लोखंडावर हक्क हवा म्हणून तो वस्ती जाळायला टपलेला. तीन पुरुष, तिघांच्या हाती एबोशीपेक्षा कितीतरी जास्त सत्ता. तरी सिनेमा संपल्यावर विचारा: राग कुणाचा आला? दहातली नऊ पोरं एबोशीचं नाव घेतील. जिको तर अनेकांना गमतीदार वाटतो. बंदुकीचा चाप जिच्या बोटाखाली होता ती तेवढी दिसते. बंदूक हातात देणारा दिसत नाही, आणि हुकूम सोडणारा तर पडद्यावर येतच नाही.

हे मी केळशीत राहून लिहिते आहे ते उगाच नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि दापोली-मंडणगडच्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ आज लावली तर सुपारी हाताशी यायला पाच-सात वर्षं जातात. तेवढी वर्षं घर कशावर चालायचं? समजा, अशा एका घरात कर्ती बाई एकटी आहे. नवरा नाही, किंवा असून नसल्यासारखा. मुलाची फी भरायची आहे, सासूचं औषध आहे. ती वरकस जमिनीतली झाडं ठेकेदाराला देते, किंवा डोंगराचा एक तुकडा विकते. दुसऱ्या दिवसापासून पाखाडीवर बोलणं सुरू: 'हिनं वाडवडिलांची जमीन फुंकली', 'हिनं रान बोडकं केलं'. सौदा जमवणारा दलाल त्याच पाखाडीवरून जातो आणि त्याला लोक चहाला थांबवतात. जमीन घेणारा शहरात बसलेला, तो कुणाला ठाऊकही नाही. मुंबईत नोकरी करणारा, गेल्या दहा वर्षांत घराला एक कौल न घालणारा दीर गणपतीला येतो आणि तिलाच जाब विचारतो.

झाडं गेली हे वाईटच झालं. कोकणातलं रान बहुतेक खासगी मालकीचं आहे, ते तुटतंय, आणि त्याचे चटके सगळ्या पंचक्रोशीला बसतात. रानात खायला उरलं नाही की रानडुकरं भातात आणि नाचणीत उतरतात, माकडं नारळावर येतात. आपल्या आजूबाजूच्या सड्यांनी बॉक्साइटची खोदाईही पाहिली आहे. पोटाला काम हवं आणि सडाही राहायला हवा, हा पेच आपल्या दारातला आहे, त्यामुळे एबोशीची गोष्ट आपल्याला शहरातल्या माणसापेक्षा जास्त कळायला हवी. माझं म्हणणं इतकंच आहे, की तुटलेल्या झाडाचा हिशोब मांडायचा तर पुरता मांडा. जमाखर्चाच्या वहीत एकाच बाईच्या नावावर सगळा खर्च टाकायचा आणि तिची जमेची बाजू कोरी ठेवायची, याला हिशोब म्हणत नाहीत.

आपल्याकडे बाईच्या बाबतीत हे फार सहज होतं. महालक्ष्मीच्या उत्सवात आपण भक्तिभावानं रथाला हात लावतो. देवीच्या हातात शस्त्र असलेलं आपल्याला चालतं. बाईच्या हातात कोयती चालते, विळा चालतो, सुपारी सोलायला दिवसदिवस बसलेली बाई चालते. तिच्या हातात निर्णय आला की मात्र गाव चुळबुळायला लागतं. तिनं बरोबर निर्णय घेतला तर 'भारीच शहाणी', चुकीचा घेतला तर 'आम्ही म्हटलंच होतं'. पुरुषाच्या चुकीला परिस्थिती जबाबदार असते आणि बाईच्या चुकीला तिचा स्वभाव.

आपल्या तालुक्यातल्या एका लेखकानं हे आपल्याला फार पूर्वी दाखवलं आहे. श्री. ना. पेंडसे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे, १९१३ सालचा त्यांचा जन्म. 'गारंबीचा बापू' १९५२ साली आली. त्यातली चहाचं दुकान चालवणारी राधा गावाच्या नजरेत काय आहे आणि प्रत्यक्षात काय आहे, यातलं अंतर वाचकाला पानोपानी जाणवत राहतं. १९६२ च्या 'रथचक्र'ला पुढच्या वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातली बाई, नवरा संसार टाकून गेलेला, एकत्र कुटुंबात कोंडमारा होणारी, मुलांनी शिकावं या एका हट्टापायी घराबाहेर पडते. पेंडशांनी तिला देवी केलं नाही. तिची जिद्द दाखवली आणि त्या जिद्दीची किंमतही दाखवली. ज्यांनी ही पुस्तकं वाचली आहेत, त्यांना एबोशी ओळखीची वाटेल. ज्यांनी वाचली नाहीत त्यांनी सिनेमा पाहून झाल्यावर जरूर वाचावीत. गावातल्या कुणाच्या ना कुणाच्या कपाटात ती असतील.

आता सिनेमा कसा बघायचा याविषयी थोडं.

लहान पोरांना दाखवू नका. त्यात हात तुटतात, मुंडकी उडतात, रक्त दिसतं. तेरा वर्षांच्या पुढच्या मुलांबरोबर बघा. लांबी सव्वादोन तासांच्या जवळपास आहे, तेव्हा अर्ध्यात उठायला लागणार नाही अशी वेळ धरा. आजी-आजोबांना खालची इंग्रजी अक्षरं वाचता येणार नसतील तर मुलांना मधे मधे थांबवून मराठीत सांगायला लावा. सांगताना पोरांना स्वतःलाच गोष्ट जास्त कळते. भात्याजवळचा प्रसंग आणि बागेतला प्रसंग घाईनं पुढे ढकलू देऊ नका. सगळी एबोशी या दोन जागी आहे.

संपल्यावर लगेच 'बोध काय' असं विचारू नका, पोरं उठून जातील. साधे प्रश्न विचारा. एबोशी नसती तर त्या बायका आज कुठं असत्या? रोग्यांना कुणी जवळ केलं असतं? तिनं परत फिरायला हवं होतं का, आणि कोणत्या क्षणी? सम्राट आणि जिको यांना शिक्षा काय झाली? सानच्या जागी तू असतास तर तिला मारलं असतंस का? उत्तरं काहीही येऊ देत. मुलगा म्हणाला, की तिला माफी नाही, तर त्याचं ऐकून घ्या. सानचंही तेच म्हणणं आहे आणि सानला तसं म्हणायचा हक्क आहे. तिची आई या बाईनं घेतली. एबोशी आवडणं म्हणजे सानचं दुःख नाकारणं नव्हे, हे मुलांना कळलं तर त्या दुपारचं सार्थक झालं.

शेवटाकडे विशेष लक्ष असू द्या. मोरोचं तुटलेलं मस्तक झेप घेऊन एबोशीचा हात तोडतं. तिला तिथंच मारून टाकणं मियाझाकींना सोपं होतं. बघणाऱ्यांना बरंही वाटलं असतं. त्यांनी तिला जिवंत ठेवलं. ज्याच्या जातीचा ती जीव घेत होती, त्या लांडग्याच्या पाठीवरून ती परत येते. वस्ती मोडलेली, एक हात गेलेला, आणि ती आपल्या माणसांना सांगते, की पुन्हा सुरुवात करू, या वेळी चांगलं गाव वसवू, आणि त्या आशिताकाला कुणीतरी बोलावून आणा. डोंगर पुन्हा हिरवा होतो, पण सान म्हणते त्याप्रमाणे ते पहिलं रान नव्हे. शिशिगामी गेला तो गेलाच. नुकसान भरून आलेलं नाही. तरी चुकलेल्या बाईला पुढचं काम करायची संधी आहे. शिक्षेपेक्षा हे मला जास्त न्यायाचं वाटतं. तिला मारून टाकलं असतं तर त्या बायकांचं आणि त्या रोग्यांचं पुढे कोण बघणार होतं?

म्हणून माझं आवाहन सिनेमापुरतं नाही. आपल्या वाडीत, आपल्या भावकीत, बचत गटात, ग्रामपंचायतीत अशा बायका आहेत ज्यांच्याविषयी एक वाक्य ठरून गेलं आहे: ती खमकी, ती खर्चिक, तिनं घर फोडलं, तिनं जमीन विकली. ते वाक्य पुढच्या वेळी तोंडावर आलं की थोडं थांबा. तिच्या हाती तेव्हा नेमकं काय होतं ते विचारा. तिनं कुणाकुणाला जगवलं त्यांची नावं आठवा. त्या व्यवहारात पुरुष कोण कोण होते आणि त्यांचं नाव आपण कधी घेतलं का, हे स्वतःला विचारा. शक्य असेल तर सरळ तिच्या ओटीवर जाऊन बसा आणि तिच्याच तोंडून ऐका. बहुतेक बायकांना आजवर कुणी विचारलेलंच नसतं. एवढं करून तिची चूक ठरली तर तिला तोंडावर सांगा, मागे नको. आणि सांगून झाल्यावर ती सावरायला तिला मदतही करा.

मुली हे सगळं ऐकत असतात. घरात आपण एखाद्या बाईला एका शब्दात निकालात काढतो, तेव्हा माजघरातल्या पोरीला कळून चुकतं, की उद्या आपणही काही मोठं करायला गेलो आणि चुकलो तर आपल्यालाही असाच एक शब्द मिळेल. मग ती काही मोठं करायला जातच नाही. हे नुकसान कुठल्याही वहीत लिहिलं जात नाही, पण ते सगळ्यात मोठं आहे. मुलग्यांनीही हे ऐकायला हवं, कारण उद्याच्या गावकीत तेच बसणार आहेत.

या सुट्टीत 'मोनोनोके' बघा, मुलांबरोबर बघा. एबोशीचं जे चुकलं ते चुकलं म्हणा, जे मोठं आहे ते मोठं म्हणा, आणि तिला पुढे करणाऱ्यांची नावं घ्यायला विसरू नका. मग आपल्या गावातल्या बायकांनाही तेच माप लावा.